मास्तरांचा ताजेपणा

सवय या विषयावर बोलावं तर मास्तरांनीच, यावर सगळ्या सिनेगॉगचं एकमत होतं. प्रार्थनेच्या त्या घरात जमणाऱ्या ज्यू मंडळींचं खिडकी उघडी ठेवावी की बंद, यावरसुद्धा कधी एकमत झालं नव्हतं, पण मास्तरांच्या बाबतीत होतं. मास्तर उभे राहायचे, चष्मा काढून हातात घ्यायचे, घोटभर पाणी प्यायचे आणि म्हणायचे की प्रार्थना रोजची असली तरी ओठावर रोज नवी यायला हवी. मग दात घासण्याचा विनोद. तुम्ही दात घासता तशी प्रार्थना उरकता, फरक एवढाच की दात घासून निदान तोंड तरी स्वच्छ होतं. हशा पिकला की आवाज चढायचा, आणि शेवटी मास्तरांचे आजोबा मरणाच्या दारात एकेक शब्द चव घेत प्रार्थना कशी म्हणत होते, तो प्रसंग यायचा. तिथे मास्तरांचा गळा दाटून यायचा. दरवर्षी, त्याच शब्दावर.

वर बायकांच्या सज्जात बसणाऱ्या मास्तरीणबाईंना तो शब्द पाठ होता. तो जवळ आला की त्या पर्समधून रुमाल काढून शेजारणीच्या हातात देऊन ठेवत, म्हणजे नंतर शोधाशोध नको. सवयी मोडा असं सांगणारं ते भाषण मास्तर झोपेतही करू शकले असते. एकदा तापात बडबडताना त्यांनी ते केलंही होतं, दातांच्या विनोदासकट, आणि मास्तरीणबाई कपाळावर ओली पट्टी ठेवत मुकाट्याने ऐकत बसल्या होत्या.

मास्तरीणबाई हे काही त्यांचं नाव नव्हे. आईबापांनी चांगलं नाव ठेवलं होतं, पण लग्नानंतर ते वापरायची गरज कुणालाच पडली नाही. मास्तर सिनेगॉगच्या वर्गात मुलांना धर्म शिकवत आणि मोठ्यांना शहाणपण. बाईंची लाँड्री होती, कोपऱ्यावर, अरुंद आणि बाराही महिने गरम. एका बाजूला धुलाईची दोन यंत्रं, दुसऱ्या बाजूला वाफेची इस्त्री, मध्ये उभं राहून बाई दिवसभर लोकांच्या कॉलरी सरळ करत. माणसाचं खरं रूप कॉलरीच्या आतल्या बाजूला कळतं, असं त्यांचं मत होतं. वर कितीही पांढराशुभ्र दिसू दे, आतली रेघ खोटं बोलत नाही. मास्तरांच्या शर्टांच्या कॉलरी त्याच घासत, त्यामुळे त्या बाबतीत त्यांचा अभ्यास पुरता झाला होता.

त्या वर्षी मास्तरांच्या अंगात आलं. नुसतं भाषण पुरेना. त्यांनी ‘ताजेपणाचा शब्बाथ’ जाहीर केला. शब्बाथ म्हणजे शुक्रवारी सूर्य बुडाल्यापासून शनिवारी रात्री तारे दिसेपर्यंतचा विसाव्याचा दिवस; त्या दिवशी काम नाही, चूल नाही, प्रवास नाही. जुना आहे, पवित्र आहे, आणि मास्तरांच्या मते शिळा झाला होता. म्हणून फलक लागले, प्रार्थनेच्या चाली बदलल्या, आणि येत्या शनिवारी प्रत्येकाने आपली नेहमीची जागा सोडून दुसरीकडे बसायचं असं ठरलं. जागा बदलली की मन जागं होतं म्हणे.

आठवडाभर आधी त्याची रंगीत तालीम झाली. मन जागं झालं की नाही देव जाणे, भांडणं मात्र झोपेतून उठली. दातांचे डॉक्टर विम्याच्या एजंटाच्या जागी बसले, तर एजंट म्हणाले, माझे वडील इथेच बसत होते, ही जागा ताजी करायची नाही. दोघं प्रार्थनाभर एकमेकांकडे पाठ करून उभे राहिले. सगळ्या सिनेगॉगात एकच माणूस आपल्या नेहमीच्या जागी राहिला, तो म्हणजे मास्तर, कारण व्यासपीठ काही हलवता येत नव्हतं. उंटावरून शेळ्या हाकायला उंट एका जागी उभा असलेला बरा पडतो.

खरं दुखणं मात्र घरात होतं, शुक्रवारच्या टेबलाशी.

शुक्रवारी संध्याकाळी मास्तर प्रार्थनेहून घरी आले की जेवणाआधी एक गाणं म्हणायचा रिवाज आहे. नवऱ्याने बायकोसमोर उभं राहून म्हणायचं, तिच्या कौतुकाचं, पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं. आठवडाभर ती राबते, त्याची ही पावती. लग्नानंतरच्या पहिल्या शुक्रवारी मास्तरांनी ते म्हटलं तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते आणि नव्या नवरीला टेबलाखाली लपावंसं वाटलं होतं. बाईंना ते अजून आठवे, आणि आठवलं की स्वतःचाच राग येई.

कारण पुढे काय झालं? पुढे गाणं राहिलं आणि समोरची बाई वजा झाली. मास्तर येत, टोपी सारखी करत, डोळे मिटत, आणि खुर्चीच्या पाठीवर बोटांनी ठेका धरून गाणं सुरू करत. तिसऱ्या ओळीला वेग यायचा, मधल्या दोन ओळी एकमेकींत मिसळून जायच्या, शेवटचा शब्द संपायच्या आत हात द्राक्षरसाच्या पेल्याकडे गेलेला असायचा. एकदाही डोळे उघडायचे नाहीत. दुकानातली यंत्रंसुद्धा कपडे आत आहेत की नाही ते बघून सुरू होतात.

बाई स्वतःला काही संत समजत नव्हत्या. शुक्रवारी दिवे लावताना त्याही डोळ्यांवर हात धरून आशीर्वाद पुटपुटत, आणि हातांच्या आडोशाला त्यांच्या मनात निम्म्या वेळा कुणाच्या तरी जाकिटावरचा न निघालेला डाग असे. देवासमोर उभं राहून डाग आठवायचा, हीसुद्धा सवयच. पण त्या त्यावर भाषणं देत फिरत नव्हत्या.

तालमीनंतरच्या मंगळवारी त्यांनी हे नणंदेला सांगितलं. नणंद म्हणजे मास्तरांची थोरली बहीण, विधवा, खालच्या मजल्यावर एकटी राहायची आणि जेवायला रोज वर यायची. जीभ अशी की भाजी चिरायला सुरी नको. पण भाऊ म्हटला की तिचं पाणी पाणी होई. तिने आधी समजूत घातली, की अगं, पुरुष असेच, निदान म्हणतो तरी. माझा तर गाणं संपेपर्यंत ब्रेडचा तुकडा मोडून बसायचा.

बाई म्हणाल्या की प्रश्न गाण्याचा नाही. लेक कधीची बोलावतेय, तिच्या गावात, तिच्या घरातली वरची खोली रिकामी आहे, आणि दुकान चालवायला घेणारी एक विश्वासू बाई तयार आहे. आजवर जात नव्हते कारण इथे माझी कुणाला तरी गरज आहे असं वाटत होतं. आता वाटतं, गरज सूपाची आहे. मग त्यांनी जे मनात कित्येक दिवस धुमसत होतं ते बोलून टाकलं.

“वन्सं, या शुक्रवारी मी टेबलाशी नसेन. बाहेर जिन्यात बसेन. गाणं संपायच्या आत त्यांच्या ध्यानात आलं तर मी जन्मभर तोंडातून शब्द काढणार नाही. नाही आलं, तर मी लेकीकडे चालले, आणि परत यायची नाही.”

नणंद आधी हसली. मग तिने वहिनीचं तोंड पाहिलं आणि हसायची थांबली. माझा भाऊ एवढाही आंधळा नाही, असं ती म्हणाली खरी, पण जोर काही लागला नाही.

शुक्रवार आला. बाईंनी दिवे लावले, दोन ब्रेड फडक्याखाली झाकून ठेवले, सूपाचं पातेलं गरम राहील अशा बेताने ठेवलं, आणि मास्तरांच्या पावलांचा आवाज ऐकून मागच्या दाराने जिन्यात जाऊन बसल्या. दार बोटभर उघडं ठेवलं. नणंद ठरल्याप्रमाणे स्वतःच्या जागी न बसता वहिनीच्या खुर्चीत बसली. तिने आपला नेहमीचा ढगळ राखाडी स्वेटर घातला होता, वहिनीपेक्षा ती दुप्पट रुंद होती, आणि वहिनी खोकत नसे, ती खोकत होती.

मास्तर आत आले. खुशीत होते, उद्याच्या शब्बाथची तयारी जोरात होती. त्यांनी टोपी सारखी केली. डोळे मिटले. बोटांनी ठेका धरला.

आणि आपल्या सख्ख्या बहिणीला, खणखणीत आवाजात, ती किती गुणाची बायको आहे ते शेवटपर्यंत गाऊन सांगितलं.

जिन्यात बसलेल्या बाईंना आधी हसू फुटलं. तोंडावर पदर दाबून त्या हसल्या, मग डोळ्यांतून पाणी आलं ते हसण्याचं की कसलं ते त्यांनाही कळेना. आत मास्तरांनी द्राक्षरसावरचा आशीर्वाद म्हटला, पेला समोर न बघता पुढे केला. नणंदेने तो घेतला, घोट घेऊन परत ठेवला. हात धुतले गेले. ब्रेड कापला गेला, मिठाला लावून तुकडे वाटले गेले. मास्तर चमचा हातात घेऊन बसले. चमच्याने बशीवर हलकेच टकटक केलं. आणि मग, सगळं आवरल्यावर, त्यांना काहीतरी कमी असल्याचं जाणवलं.

“आज सूप नाही का?”

“सूप आहे,” नणंद म्हणाली. “बायको नाही.”

बाई उठल्या, आत आल्या आणि सूप वाढू लागल्या. सूपाने काय कुणाचं घोडं मारलं होतं? मास्तर कानापर्यंत लाल झाले होते. एकाग्रतेमुळे असं होतं कधीकधी, असं काहीसं ते पुटपुटले. बहिणीने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, एवढंच ती म्हणाली आणि जेवायला लागली.

पण त्या जेवणात मास्तर खरंच बदललेले दिसले. एरवी ते घासाघासाला बोलत. आज समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. सूप गार झालं. मध्येच ओठ हलले, मध्येच त्यांनी डोळे पुसले. बाईंनी ते चोरून पाहिलं आणि त्यांचं मन, नाही म्हटलं तरी, हललं. लागलं वाटतं कुठेतरी. इतक्या वर्षांनी का होईना, लागलं. रात्री अंथरुणावर पडल्यावर त्यांना वाटलं, आपण जरा जास्तच केलं का? म्हाताऱ्या माणसाला त्याच्या बहिणीसमोर असं उघडं पाडलं. लेकीकडे जायचं म्हणालो खरं, पण शब्द काय, मागे घेता येतो. त्यांनी तसं ठरवत आणलं होतं.

शनिवारी सकाळी कळलं की मास्तर भिंतीकडे बघून काय करत होते.

सिनेगॉग भरलं होतं. लोक परक्या जागांवर अवघडून बसले होते. मास्तर उभे राहिले. चष्मा काढला. पाणी प्यायले. आज मात्र दातांचा विनोद आला नाही. मास्तर म्हणाले की एक गृहस्थ होता, शिकलेला, लोकांना उपदेश करणारा. आणि एका शुक्रवारी तो डोळे मिटून आपल्या बायकोचं कौतुक गात होता. गाऊन झालं, डोळे उघडले, आणि पाहतो तर समोरची खुर्ची रिकामी.

रिकामी! वर सज्जात नणंद खुर्चीतून अर्धी उठली. तिला तर त्यांनी गोष्टीतून उडवूनच टाकलं होतं. सूपही गायब. बशीवरची टकटक गायब. आता त्या गृहस्थाला गाण्याच्या शेवटी आपण होऊन कळलं होतं, आणि तो त्या रिकाम्या खुर्चीसमोर गुडघे टेकून रडला होता. मास्तर थांबले. खुर्चीकडे बोट दाखवावं तसा हात पुढे केला. “आपण सगळेच,” ते म्हणाले, “रिकाम्या खुर्चीसमोर गातो आहोत.” आणि तिथे त्यांचा गळा दाटून आला.

खाली पुरुष नाकं शिंकरू लागले. दातांच्या डॉक्टरांनी विम्याच्या एजंटाचा हात धरला. सज्जात शेजारीण हमसून हमसून रडत होती आणि रुमालासाठी चाचपडत होती. मास्तरीणबाईंनी आज रुमाल काढला नव्हता. बाहेर पडताना एकीने त्यांचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, केवढं भाग्य हो तुमचं, असा नवरा मिळायला. सिनेगॉगच्या अध्यक्षांनी मास्तरांना तिथेच सांगून टाकलं की हे पुढच्या वर्षीही झालंच पाहिजे, शब्दाचा फरक न करता.

शब्बाथ होता, प्रवास नाही, सामान बांधणं नाही. बाईंनी तारे दिसायची वाट पाहिली. दिवस लहान होते, फार थांबावं लागलं नाही. मास्तर संध्याकाळची प्रार्थना आटोपून घरी आले तेव्हा लेकीला फोन झाला होता, बॅग दाराशी होती आणि बाई कोट घालून बटणं लावत होत्या. नणंद खाली आपल्या खोलीत गेली होती. भावाची बाजू घ्यायला ती वर थांबली नाही, आणि हे तिने आयुष्यात पहिल्यांदा केलं होतं.

मास्तर शीळ घालतच आत आले होते. बॅग पाहून शीळ थांबली. बाईंनी लेकीकडे चालल्याचं सांगितल्यावर ते बोलायला लागले, आणि बोलण्यात ते कुणाला हार जातात? म्हणाले, प्रश्नाला तीन बाजू आहेत. पहिली बाजू अशी, की चूक झाली. दुसरी अशी, की चुकीतून लोकांचं भलं झालं. हात आपोआप चष्म्याकडे गेला.

“चष्मा राहू दे,” बाई म्हणाल्या. “तुम्ही काल भिंतीकडे बघत होतात, तेव्हा मला वाटलं तुम्ही माझा विचार करताय. मी तुमची कीव करत जागी राहिले. आणि तुम्ही भाषण जुळवत होतात. मी घरातून उठून गेले त्याचंही तुम्ही भाषणच केलंत.”

मास्तर म्हणाले की त्यांना खरंच रडू आलं होतं. बाई म्हणाल्या, ते तर दरवर्षी येतं. मग त्यांना काय सुचलं कोण जाणे, बस सुटायला अवकाश होता म्हणून असेल, त्यांनी खुर्ची ओढून नवऱ्यासमोर ठेवली, तिच्या पाठीमागे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की ते गाणं म्हणा. आत्ता. शुक्रवार नाही, दिवे नाहीत, नसू देत. फक्त डोळे उघडे ठेवा आणि माझ्याकडे बघा.

मास्तरांनी बोटं खुर्चीच्या पाठीवर ठेवली. बाईंनी ती उचलून बाजूला केली. मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि सुरुवात केली. पहिली ओळ आली. दुसरी अर्धी आली. मग ते अडकले. पुन्हा पहिल्यापासून धरलं, पुन्हा तिथेच अडकले. डोळे मिटायला लागले तशा बाई म्हणाल्या, डोळे. त्यांनी उघडले. बायकोचा चेहरा समोर होता, विस्कटलेल्या भुवयांचा, वाफेने कायमचा तांबूस झालेला, आणि त्या चेहऱ्यासमोर त्यांना पुढचा एकही शब्द आठवेना. आयुष्यात ज्याला कधी शब्द कमी पडला नाही तो माणूस वर्गात उभं केलेल्या पोरासारखा ओठ हलवत राहिला.

बाईंकडे टोमणे तयार होते. इतक्या वर्षांत त्यांनी हेच तर केलं होतं. मास्तर तोंड उघडायचे आणि बाईंच्या मनात उत्तर आधीच इस्त्री करून ठेवलेलं असायचं. पुस्तक आणा म्हणाले तर काय म्हणायचं, तब्येतीचं निमित्त काढलं तर काय म्हणायचं, रडले तर काय म्हणायचं, सगळं घडी घालून तयार.

मास्तर रडले नाहीत. त्यांनी गाणं सोडून दिलं. आवाज भाषणाचा नव्हता, घोगरा होता.

“तुझ्याबद्दल काय म्हणायचं,” ते म्हणाले, “मला माहीतच नाही.”

बाईंनी उत्तर शोधलं. हे वाक्य त्यांनी आधी कधी ऐकलेलंच नव्हतं.

मग अंदाज घेत घेत, मुलगी पाहायला आलेला मुलगा विचारतो तसं मास्तरांनी विचारलं, की सकाळी दुकान उघडल्यावर ती पहिलं काय करते. बाईंना आधी वाटलं चेष्टा आहे. मग त्यांनी सांगितलं, की यंत्रांच्या मागची खिडकी उघडते, नाहीतर जीव गुदमरतो. मास्तर म्हणाले, मागे खिडकी आहे? आणि लगेच त्यांचा हात टेबलावरच्या पेन्सिलीकडे गेला. बाईंनी पेन्सिल उचलून आपल्या कोटाच्या खिशात टाकली.

“लिहायचं नाही. कुणाला सांगायचं नाही. आणि विचारायचं असेल तर विचारा, पुढची बस तासाभराने आहे.”

मास्तरांनी मान हलवली आणि समोर बसले. बाईही खुर्ची ओढून खाली बसल्या. कोट मात्र त्यांनी काढला नाही.